पत्रिका मिटून ठेवा, मुलाकडे बघा

आई-बाबांनो,

दिवाळीच्या तोंडावर आणि वार्षिक परीक्षा संपता संपता मोबाइलवर एक यादी फिरू लागते. बारा राशी आणि प्रत्येकीपुढे पुस्तकांचा प्रकार. मेषेला साहसकथा, वृषभेला निसर्ग आणि खाणंपिणं, मिथुनेला कोडी, कर्केला घरच्या मायेच्या गोष्टी, सिंहेला राजे आणि लढाया, कन्येला हेरकथा, तुळेला मैत्रीच्या गोष्टी, वृश्चिकेला भुतंखेतं, धनूला प्रवास, मकरेला थोरांची चरित्रं, कुंभेला विज्ञानकथा, मीनेला कविता आणि पऱ्या. ही यादी दाखवून पुस्तक मागणारे पालक आमच्या बालवाचनालयात आता नवे राहिलेले नाहीत. मागे एक आई म्हणाल्या, "मुलगी कर्केची आहे, जरा हळवं काहीतरी द्या." मुलगी तेव्हा पलीकडच्या कपाटापाशी उकिडवी बसून पाणबुडीचं पुस्तक चाळत होती आणि पाणबुडीच्या आतल्या चित्रावर बोट ठेवून यंत्रं मोजत होती.

त्या आईंच्या मागणीतली एक गोष्ट मला मोलाची वाटली. सरसकट कुठलंही पुस्तक न नेता आपल्या मुलीला साजेसं पुस्तक त्यांना हवं होतं. पुस्तक म्हणजे चांगलंच, मग कुठलं का असेना, असं म्हणून वाढदिवसाला गठ्ठा आणून ठेवणारी घरंही मी पाहते. मुलागणिक पुस्तक वेगळं असतं, हे ज्यांना उमगलं त्यांची अर्धी वाट चालून झालेली असते. उरलेली अर्धी कशी चालायची, त्याबद्दल आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे.

आधी राशीचं बोलू. रास धरायची तरी कुठली? २५ डिसेंबरला जन्मलेलं मूल घ्या. पाश्चात्त्य पद्धतीच्या सूर्यराशीप्रमाणे ते मकरेचं. आपल्या पंचांगात सूर्य मकरेत जातो तो १४ जानेवारीच्या सुमारास, तीच आपली संक्रांत. म्हणजे आपल्या गणिताने त्या मुलाच्या जन्मवेळी सूर्य धनू राशीत होता. शिवाय आपल्याकडे 'रास काय?' असं विचारतात तेव्हा सूर्य बघतच नाहीत, चंद्र बघतात. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो आणि सत्तावीस दिवसांत बारा राशी फिरून येतो, त्यामुळे दरवर्षीच्या २५ डिसेंबरला त्याची रास निराळी निघते. मूल एकच, जन्मतारीख एकच, आणि यादीप्रमाणे त्याला चरित्रंही द्यायची, प्रवासवर्णनंही द्यायची, आणि चंद्र जिथे असेल तिथलं तिसरंच काही द्यायचं. यादी करणाऱ्याने यातली कुठली रास धरली, हे यादीत लिहिलेलंही नसतं.

मुलांची बुद्धी पत्रिकेत दिसते का, याचा तपास आपल्या महाराष्ट्रातच झाला आहे. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा बारकाईने अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे या चौघांनी ही चाचणी घेतली. अभ्यासात हुशार असलेली १०० मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुलं, अशा २०० जणांच्या पत्रिका त्यांनी तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातल्या मुलाची, एवढंच विचारलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी निम्म्यापर्यंतही पोचली नाही. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली. नुसतं नाणं उडवलं असतं तरी शंभराच्या आसपास आलीच असती. २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात हे सगळं छापून आलं. एवढ्या दोन टोकांच्या मुलांमधला फरक जिथे कुंडलीत सापडला नाही, तिथे नऊ वर्षांच्या मुलीला हेरकथा आवडेल की कविता, हा बारीक फरक कुठून सापडणार?

तरी यादी वाचताना 'अगदी आमच्या बाळाचंच वर्णन' असं वाटतं खरं. त्याचंही कारण शोधलं गेलं आहे. १९४८ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी आपल्या विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि मग प्रत्येकाच्या हातात त्याच्या स्वभावाचं वर्णन ठेवलं. ते किती जुळतं त्याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी चारच्या वर गेली. सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं, आणि त्यातली बरीचशी वाक्यं फोरर यांनी ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून उचलली होती. राशीच्या यादीचं असंच होतं. साहस आवडत नाही असं आठ वर्षांचं मूल कुठे असतं? आईच्या कुशीतली गोष्ट कुणाला नको असते? यातला कुठलाही रकाना कुठल्याही मुलाला थोडाफार लागू पडतोच.

घरात पत्रिका बघायची की नाही, हा तुमच्या घरचा निर्णय आहे. ती पुस्तकांच्या कपाटाशी मात्र आणू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण तिथे तोटा मुलाचा होतो. बारापैकी एक खण त्याच्यासाठी उघडला, की उरलेले अकरा आपण आपल्या हाताने बंद करतो. आणि मुलं आपलं बोलणं फार खरं मानतात. 'तू हळवी आहेस', 'हा जात्याच धडपड्या, याला कविता काय कळणार' हे चारचौघांत पुन्हा पुन्हा ऐकलेलं मूल हळूहळू तसंच वागू लागतं. पाणबुडीचं पुस्तक परत जागेवर ठेवून देतं. मुलींच्या वाट्याला घर आणि मुलांच्या वाट्याला लढाई ही जुनी वाटणीही राशीच्या नावाखाली नव्याने घरात शिरते, आणि तिचं मला जास्त वाईट वाटतं.

शिवाय रास जन्मभर तीच राहते. वाचणारं मूल सहा महिन्यांत बदलतं. सहाव्या वर्षी ज्याला डायनोसॉरखेरीज काही सुचत नव्हतं त्याला आठव्या वर्षी भुतं हवी असतात, दहाव्या वर्षी क्रिकेट, आणि बाराव्या वर्षी एखाद्या दुपारी ते कवितांच्या कपाटापाशी घुटमळताना दिसतं. गेल्या मे महिन्यात जे पुस्तक मुलाने दोन पानांवर टाकून दिलं, तेच या मे महिन्यात ते एका बैठकीत संपवतं. पुस्तक तेच असतं, मूल पुढे गेलेलं असतं. हे पुढे जाणं ज्याला दिसतं तोच मुलाला पुस्तक सुचवू शकतो, आणि ते तुमच्याइतकं जवळून कुणालाच दिसत नाही.

मग बघायचं काय? मूल रिकाम्या वेळात काय करतं ते बघा. जेवताना काय विचारतं ते ऐका. 'तोत्तोचान' तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या टोकियोच्या शाळेच्या आठवणी त्यात सांगितल्या आहेत, आणि चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी ते सुंदर मराठीत आणलं आहे. आधीच्या शाळेने काढून टाकलेली लहानगी तोत्तोचान नव्या शाळेत येते. मुख्याध्यापक कोबायाशी तिच्या आईला घरी पाठवतात आणि तिला म्हणतात, तुला जे सांगायचंय ते सांग. ती बोलत राहते आणि ते चार तास ऐकत राहतात. ना जांभई, ना घड्याळाकडे नजर. त्या मुलीची पुढची सगळी वाट त्या चार तासांतून निघाली, असं मला ते पुस्तक वाचताना दरवेळी वाटतं. आपल्याला रोज चार तास काढता येणार नाहीत. रात्री झोपण्यापूर्वीची दहा मिनिटं काढता येतील, आणि तेवढ्यात मूल पुष्कळ सांगतं.

एका जागी पाच मिनिटं न बसणाऱ्या मुलाचे पालक फार खचलेले असतात. 'याला पुस्तकाची आवडच नाही' असं त्याच्यासमोरच सांगतात. अशा मुलाच्या हातात मी अरविंद गुप्ता यांचं खेळण्यांचं पुस्तक देते. काड्यापेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, झाडूच्या काड्या, जुनी बाटली यांपासून फिरणारी, उडणारी, वाजणारी खेळणी कशी करायची ते त्यात चित्रांसकट दिलेलं असतं. पुस्तक जमिनीवर उघडं पडतं, मूल त्यावर ओणवं होतं, एक ओळ वाचतं, कापतं, चिकटवतं, चुकतं आणि पुन्हा तीच ओळ वाचतं. शाळेच्या धड्यातली ओळ इतक्या वेळा आणि इतक्या मन लावून त्याने कधी वाचलेली नसते. हे वाचनच आहे. त्यांची पुष्कळ पुस्तकं मराठीतही आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

काही मुलं गोष्टी वाचतच नाहीत. नकाशे, आगगाड्यांची वेळापत्रकं, क्रिकेटचे आकडे, ग्रहांची अंतरं यांत ती रमतात, आणि आईवडिलांना ते वाचनात धरावंसं वाटत नाही. धरा. माहितीच्या पुस्तकाची भूक ही खरी भूक आहे. अशा मुलाला त्याच्या आवडत्या विषयाच्या कडेकडेने गोष्टीकडे नेता येतं. ग्रहताऱ्यांत बुडालेल्या मुलाला नारळीकरांच्या विज्ञानकथा आवडण्याची शक्यता मोठी असते. पक्षी-प्राण्यांच्या मागे असलेल्या मोठ्या मुलांना मारुती चितमपल्लींचं रान दाखवा, व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' द्या. वानरांच्या टोळीची ती छोटी कादंबरी चौदा-पंधराव्या वर्षी हातात पडली तर मूल रानाकडे आणि माणसांकडेही निराळ्या डोळ्यांनी बघू लागतं.

माग काढायला आवडणाऱ्यांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा हा बनेश फेणे कितीतरी पिढ्यांचा सवंगडी. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणला, त्याच्या कथा पाचवी-सहावीपासून छान चालतात. घरातल्या माणसांकडे टक लावून बघणाऱ्या लहानग्यांना माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' मालिका द्या, यशच्या गोष्टी द्या. शब्द चघळत बसणाऱ्या मुलाला विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश' मोठ्याने वाचून दाखवा आणि पुढे ते काय करतं बघा. ही नावं मी उदाहरणादाखल सांगते आहे. यांचे पुन्हा बारा रकाने करू नका, कारण एकच मूल सोमवारी माग काढणारं असतं आणि गुरुवारी शब्द चघळणारं.

कल कळत नसेल तर त्याला चव घ्यायला मिळेल अशी पुस्तकं आणा. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेलं, माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेलं 'वाचू आनंदे' त्यासाठी फार उपयोगी आहे. बालगट आणि कुमारगट असे त्याचे भाग आहेत आणि मराठीतल्या अनेक लेखक-कवींचे वेचे त्यात चित्रांसह एकत्र आहेत. मूल कुठल्या वेच्यापाशी रेंगाळतं ते लक्षात ठेवा आणि त्या लेखकाचं मूळ पुस्तक शोधा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून चालू आहे, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि त्यालाही पैसे पडत नाहीत. पुस्तकांना पैसे नाहीत म्हणून घरात वाचन नाही, असं मला सांगणाऱ्या पालकांना मी आधी ही दोन ठिकाणं दाखवते.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण हल्ली बहुतेक घरांत तीच अडचण आहे. मूल इंग्रजी माध्यमात, घरात बोली मराठी. दहा वर्षांच्या अशा मुलाला मराठी ऐकून सगळं कळतं, विनोद कळतात, टोमणेही कळतात. वाचताना मात्र ते पहिली-दुसरीतल्या मुलासारखं अडखळतं, जोडाक्षराशी थांबतं. मग आपण त्याला मोठ्या टायपातलं कोंबडीच्या पिल्लाचं पुस्तक देतो आणि त्याला अपमान वाटतो. बुद्धीने ते दहा वर्षांचं आहे, डोळ्यांनी सहा. मराठीबद्दलची नावड बरेचदा या अपमानातून येते. अमेरिकेत, आखातात राहणाऱ्या मराठी घरांचीही हीच तक्रार असते.

अशा मुलाला दोन निरनिराळ्या प्रकारची पुस्तकं लागतात. एक, स्वतः वाचायला: कोडी, विनोद, चित्रकथा, कमी जोडाक्षरांच्या पण वयाला शोभतील अशा छोट्या गोष्टी. दुसरं, तुम्ही वाचून दाखवायला: त्याच्या बुद्धीच्या वयाचं, चांगलं जाडजूड, उत्कंठेचं. 'श्यामची आई' आजच्या शहरातल्या चौथीतल्या मुलाला स्वतः वाचायला जड जातं. तिची भाषा, तिचं कोकण, त्या काळचे रीतिरिवाज सगळंच लांबचं. तेच रोज रात्री एक प्रकरण तुम्ही वाचून दाखवा, मधे थांबून आपल्या आजोळच्या गोष्टी सांगा, मग बघा ते मूल कसं ऐकतं. हेरकथा वाचत असाल तर ऐन रंगात आलेल्या ठिकाणी थांबा आणि पुस्तक उशाशी ठेवून द्या. पुढचं पान पुष्कळ मुलं स्वतःच उलटतात.

आधी कान, मग डोळे, हा क्रम गिजुभाई बधेका यांनी शंभर वर्षांपूर्वी भावनगरला ओळखला होता. त्यांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक चौथीच्या वर्गात पहिल्यांदा काही शिकवतच नाही, गोष्ट सांगतो. मुलं गोष्टीने बांधली गेली की मग तो पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून गोष्टींची पुस्तकं आणवतो आणि वर्गाचं छोटं वाचनालय उभं करतो. मुलं त्या पुस्तकांवर तुटून पडतात, कारण आत काय असतं हे त्यांना आता ठाऊक असतं. घरात हे करायला शिक्षकच असावं लागतं असं नाही. ज्या आजीला वाचता येत नाही तिच्याकडेही गोष्टी असतात, आणि तिच्याकडून गोष्ट ऐकलेलं मूल पुस्तकाकडे येताना निम्मं तयार होऊन आलेलं असतं.

राशीच्या यादीइतकंच मला दुसऱ्या एका यादीचं भय वाटतं, ती म्हणजे 'यशस्वी व्हा'ची यादी. मूल सात वर्षांचं झालं की थोरांची चरित्रं, संस्कारकथा, यशाचे मंत्र घरात येऊ लागतात. आपल्याला मूल पुढे जसं व्हावंसं वाटतं, त्याप्रमाणे आपण ही पुस्तकं निवडतो. पत्रिकाही तेच करते, पुढचं सांगू बघते. दोन्हींत आज समोर बसलेलं मूल राहून जातं. चरित्रं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. योग्य वेळी वाचलेलं एखादं चरित्र मुलाला कायमचं उभं करतं. पण ती वेळ मुलाची असते. शाळेत नुकतीच कुणी चेष्टा केलेली मुलगी, धाकटं भावंड आल्यामुळे बावरलेला मुलगा, आजोबा गेल्यानंतर गप्प झालेलं घर, इथे आज कुठल्या गोष्टीची गरज आहे हे तुम्हाला कळेल. त्यासाठी ग्रहांना विचारावं लागत नाही.

भीतीच्या गोष्टींबद्दल पालक मला नेहमी विचारतात. काही मुलांना भूत हवं असतं आणि ती मजेत झोपतात. काहींना राक्षसाच्या चित्राने रात्रभर डोळा लागत नाही. दुसऱ्याच्या मुलाकडे बघून ठरवू नका. आपलं मूल भीतीचं पान स्वतः पुन्हा उघडतं आहे की पुस्तक गादीखाली लपवतं आहे, यावरून ठरवा. लपवत असेल तर सहा महिने थांबा.

पुस्तक अर्धवट सोडायची मुभाही त्याला द्या. डॅनियल पेनाक या फ्रेंच लेखकाने, ते स्वतः शिक्षकच, १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची सनद मांडली. न वाचण्याचा, पानं गाळण्याचा, पुस्तक मधेच सोडण्याचा आणि तेच पुस्तक पुन्हा वाचण्याचा हक्क त्यात आहे. मोठी माणसं हे सगळं बिनदिक्कत करतात आणि मुलांना मात्र 'घेतलंस ना, मग संपव' असं दटावतात. पंधराव्यांदा तेच पुस्तक मागणाऱ्या मुलालाही अडवू नका. त्याला त्यात अजून काहीतरी सापडत असतं.

मुलाने स्वतःहून विचारलं, 'माझी रास कुठली?' तर? टाळू नका, गच्चीवर न्या. मे महिन्याच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास आकाश निरभ्र असेल तर पश्चिमेकडे सिंह रास असते, तिच्यातली मघा चटकन ओळखू येते. दक्षिणेला उंचावर कन्येतली शुभ्र चित्रा. आग्नेयेला वृश्चिक, आणि तिच्यात लालसर ज्येष्ठा. चित्रा आणि वृश्चिक यांच्या मधली मंद चांदण्यांची ती तूळ. सूर्य वर्षभरात ज्या तारकासमूहांतून जाताना दिसतो त्यांत भुजंगधारी नावाचा एक तेरावाही आहे आणि डिसेंबरात सूर्य काही दिवस त्यात असतो, हे सांगा. मुलं या तेराव्यावर फार खूश होतात. मग पुढचे प्रश्न येतील, तेव्हा नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' घरात असू द्या. मोठी मुलं ते स्वतः वाचतील, लहानांना तुम्ही त्यातलं सांगा. राशींचं हे ज्ञान मुलाला जन्मभर पुरेल.

आणि मुलाला निवडायला जागा द्या. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं भिलार ४ मे २०१७ला पुस्तकांचं गाव झालं. तिथल्या घराघरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडलेली आहेत. एका ठिकाणी इतिहास, दुसरीकडे कविता, कुठे चरित्रं, कुठे बालसाहित्य. कुणीही जावं, बसून वाचावं, पैसे लागत नाहीत. स्ट्रॉबेरी खायला त्या बाजूला जाणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. जाल तेव्हा एक दिवस भिलारला ठेवा आणि मुलाला पुढे चालू द्या. ते कुठल्या उंबऱ्यापाशी थांबतं, कुठल्या घरातून लवकर बाहेर येतं, हे मागून बघा. बारा राशींची यादी जे सांगू शकत नाही ते तुम्हाला त्या एका दुपारी कळेल.

भिलार लांब असेल, पण गावातलं सार्वजनिक वाचनालय जवळ असतं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यांतल्या दोन सूत्रांचा रोख वाचक आणि त्याचं पुस्तक यांची गाठ घालून देण्यावरच आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. ती गाठ घालून देणं हे आमचं कामच आहे, आणि ते आम्हाला आवडतं. फक्त आमच्याकडे येताना मुलाची रास सांगू नका. त्याला हल्ली काय आवडतं, कशाने हसू येतं, कशाची भीती वाटते, शेवटचं कुठलं पुस्तक त्याने अर्ध्यावर टाकलं, हे सांगा. त्याहून चांगलं म्हणजे त्यालाच सांगू द्या.

येत्या सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन वाचनालयात या. वर्गणी त्याच्या नावाने भरा, नोंदवहीत सही त्याला करू द्या. बालविभाग नसेल तर चार पालक मिळून मागणी करा. तासभर त्याला कपाटांमधून मोकळं फिरू द्या, मधे बोलू नका. त्याने उचललेलं पुस्तक तुम्हाला पसंत नसलं तरी नोंदवून घरी न्या, आणि आठवड्याने बदलायला याल तेव्हा पुन्हा त्यालाच निवडू द्या.